रोगलक्षणांचा शोध आणि आरोग्यचिंता : एक भाषाशास्त्रीय विचार

अंगात काही बिघाड झाल्याची शंका आली, की पूर्वी माणूस घरातील वडीलधाऱ्यांना विचारी, आणि त्यांच्या उत्तराने समाधान झाले नाही तर ओळखीच्या डॉक्टरांकडे जाई. आज या दोहोंच्या आधी तो हातातील फोनला विचारतो. आपल्या शोधयंत्राकडे येणाऱ्या एकंदर पृच्छांपैकी सुमारे १ टक्का पृच्छा रोगलक्षणांविषयीच्या असतात, असे गूगलने २०१६ साली जाहीर केले होते. हे प्रमाण दिसण्यात लहान असले, तरी रोजच्या पृच्छांची संख्या अब्जांनी मोजावी लागते हे ध्यानात घेतल्यास त्याचा खरा आकार लक्षात येईल. या वर्तनाचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी केला आहे, संगणकशास्त्रज्ञांनीही केला आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की शोधयंत्राला दुखणे कळत नाही. त्याला कळतो तो शब्द. दुखण्यापासून शब्दापर्यंतची वाटचाल माणूस स्वतः करतो, आणि शब्दापासून रोगाच्या नावापर्यंतची वाटचाल यंत्र त्याच्याकडून करवून घेते. या दोन्ही वाटांवर काय गळून पडते आणि नको असलेले काय हाताला लागते, हे पाहणे हा अर्थविचाराचाच भाग होय. प्रस्तुत लेखात ते मराठी भाषेच्या अनुषंगाने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम संज्ञांविषयी थोडे. आपल्याला गंभीर रोग झाला आहे किंवा होणार आहे या भीतीने मन सतत व्यापलेले असणे, शरीरातील साध्या संवेदनांचाही अर्थ त्याच दिशेने लावणे, आणि तपासण्या निर्दोष आल्या तरी शंका न फिटणे, या अवस्थेस येथे ‘आरोग्यचिंता’ म्हटले आहे. पाश्चात्त्य वैद्यकातील तिचे जुने नाव ‘हायपोकाँड्रिया’. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘बरगड्यांच्या कूर्चेखालचा भाग’ एवढाच आहे. यकृत, प्लीहा इत्यादी तेथील अवयवांत विषण्णतेचे मूळ असते अशी जुनी समजूत होती, आणि त्यामुळे शरीरातील एका जागेचे नाव मनाच्या एका अवस्थेला मिळाले. हे आपणांस परके वाटण्याचे कारण नाही. मराठीत ‘काळीज’ हा शब्द बोलण्यात हृदयाचा वाचक आहे आणि खाटकाच्या दुकानात यकृताचा. ‘काळजी’ या शब्दाचे त्याच्याशी असलेले नाते तर कानालाच जाणवते. ग्रीकांनी आणि मराठी माणसांनी चिंतेचे बिऱ्हाड जवळजवळ एकाच आळीत थाटले असे म्हणावयास हरकत नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीतून ही संज्ञा काढून टाकली आणि तिच्या जागी दोन निराळी नावे योजली. जुन्या नावाला चिकटलेली हेटाळणी हे त्याचे एक कारण होते. २०२२ च्या जानेवारीपासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात मात्र ती टिकून आहे, आणि आपण ज्याला मंत्रचळ म्हणतो त्या जातीच्या विकारांच्या पंगतीत तिला बसविले आहे.

हेटाळणी जुनीच आहे. मोलिएरने १६७३ साली काल्पनिक रुग्णावर प्रहसन लिहिले आणि त्या रुग्णाची भूमिका स्वतः केली. चौथ्या प्रयोगात रंगमंचावरच त्याची प्रकृती ढासळली व त्याच रात्री तो वारला. हसणाऱ्यांना हा शेवट सहसा आठवत नाही. २०२३ साली स्वीडनमधून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले, की या विकाराचे निदान झालेल्या व्यक्तींत मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा अधिक होते आणि आत्महत्येचा धोका सुमारे चौपट होता. ज्याला कोणताही रोग नाही असे आपण म्हणतो, त्याच्या बाबतीतले हे आकडे आहेत. तेव्हा ‘त्याला काही झालेलं नाही, उगीच मनाचे खेळ’ हे घराघरांतून ऐकू येणारे वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही, हे प्रारंभीच नमूद करून ठेवणे इष्ट.

वैद्यकाचे पुस्तक उघडावे आणि त्यातील सारे रोग आपल्याला असल्याची खात्री पटावी, हा अनुभवही नवा नाही. जेरोम के. जेरोम यांच्या १८८९ सालच्या विनोदी प्रवासकथेचा निवेदक ब्रिटिश म्युझियममध्ये बसून नेमके हेच करतो. गुडघ्याचा एक किरकोळ विकार तेवढा आपल्या वाट्याला आला नाही याचेच त्याला वैषम्य वाटते. मग इंटरनेटने नवे काय केले? या प्रश्नाचा पहिला पद्धतशीर विचार मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील रायन व्हाइट आणि एरिक होर्विट्झ यांनी २००८ साली मांडला व पुढील वर्षी तो विस्ताराने प्रसिद्ध केला. ‘सायबरकाँड्रिया’ हा शब्द त्यांनी घडविला नव्हता, वृत्तपत्रांत तो आधीच रुळला होता. परंतु त्यामागची क्रिया त्यांनी दाखवून दिली. शोधाच्या नोंदी तपासून आणि ५१५ व्यक्तींना प्रश्न विचारून त्यांनी हे पाहिले, की साध्या लक्षणापासून सुरू झालेला शोध पुष्कळदा गंभीर रोगाच्या शोधात परिणत होतो. डोकेदुखीचा शोध घेतला असता मिळणाऱ्या पानांत मेंदूतील अर्बुदाचा उल्लेख कॉफी सुटल्यामुळे होणाऱ्या डोकेदुखीच्या जवळजवळ बरोबरीने येत होता. वास्तवात या दोन कारणांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पण अर्बुदावर लिहिणारे पुष्कळ आणि कॉफीवर लिहिणारे थोडे. शिवाय भीतिदायक मथळ्यावर बोट अधिक वेळा पडते, आणि जिथे बोट पडते ते पान उपयुक्त असे यंत्र धरून चालते. जेरोमच्या निवेदकापुढे निदान पुस्तक अकारविल्हे होते. येथे क्रमच भीतीने लावलेला असतो.

यापुढील विवेचन ‘लक्षण’ या शब्दावर थांबून करावयाचे आहे, कारण घोटाळ्याचे एक मूळ तेथे आहे.

मराठीत हा शब्द तीन ठिकाणांहून आला आहे आणि तिन्ही ठिकाणची धूळ त्याला लागलेली आहे. न्यायशास्त्रात लक्षण म्हणजे पदार्थाचा असाधारण धर्म. जो त्या पदार्थात सर्वत्र असतो आणि अन्यत्र कोठेही नसतो. गळ्याखाली लोंबणारी कातडी हे गाईचे लक्षण. शिंगे असणे हे नव्हे, कारण ती म्हशीलाही असतात. अशा सदोष लक्षणात अतिव्याप्ती आहे असे नैयायिक म्हणतात. अव्याप्ती आणि असंभव हे आणखी दोन दोष. वैद्यकात लक्षण हा शब्द याहून सैल आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात लिंग, आकृती, लक्षण, चिन्ह, रूप इत्यादी शब्द एकाच अर्थाचे म्हणून दिले आहेत. रोग ज्यावरून प्रकट होतो ते सारे. (त्याच ग्रंथात ‘निदान’ म्हणजे रोगाचे कारण. आजच्या मराठीत निदान म्हणजे रोग ओळखणे, आणि रोजच्या बोलण्यात निदान म्हणजे ‘किमान’. एका शब्दाने इतकी स्थळांतरे करूनही त्याच्याविषयी कोणाची तक्रार नाही, हे विशेष.) तिसरे ठिकाण लोकव्यवहाराचे. ‘पोराची लक्षणं काही ठीक दिसत नाहीत’, ‘अवलक्षण’, ‘सुलक्षणी सून’ या प्रयोगांत लक्षण म्हणजे पुढे घडणाऱ्या बऱ्यावाईटाची सूचना. हा अर्थ सामुद्रिकाचा आहे, शकुनाचा आहे.

चिंताग्रस्त माणूस ‘लक्षणे’ हा शब्द वाचतो तेव्हा यांपैकी कोणता अर्थ घेतो? पानावर लिहिणाऱ्याला वैद्यकातला सैल अर्थ अभिप्रेत असतो. वाचणारा मात्र नैयायिकाची निश्चिती आणि शकुनाची भीती एकत्र करून वाचतो. ‘मेंदूतील अर्बुदाची लक्षणे’ या मथळ्याखाली डोकेदुखी असे लिहिलेले पाहिले, की डोकेदुखी हा त्या रोगाचा असाधारण धर्म ठरतो आणि आपले दुखणारे डोके ही त्याची पूर्वसूचना ठरते.

न्यायशास्त्राच्याच परिभाषेत बोलावयाचे तर येथे व्याप्ती उलटी धरली गेली आहे. जेथे धूर तेथे अग्नी, हे खरे. परंतु जेथे अग्नी तेथे धूर, हे खरे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर निघण्यास ओल्या सरपणाचा संयोग लागतो, आणि त्या अटीस ‘उपाधी’ म्हणतात. तर्काच्या प्रारंभिक पुस्तकांतून हे उदाहरण शेकडो वर्षे शिकविले जात आहे. रोगवर्णनाचे पान आपल्याला रोगाकडून लक्षणाकडे नेते : हा रोग असला की डोके दुखू शकते. वाचणाऱ्याला लक्षणाकडून रोगाकडे जावयाचे असते. पान एका दिशेने लिहिलेले आणि दुसऱ्या दिशेने वाचलेले, असा हा प्रकार आहे. त्यातील फरक किती मोठा असतो हे एका हिशेबाने दाखविता येईल. एक लाख प्रौढ माणसे घेऊ. वर्षभरात त्यांपैकी निम्म्यांचे डोके कधी ना कधी दुखते असे धरू. जागतिक आरोग्य संघटनेने पूर्वी दिलेला अंदाज निम्मे ते पाऊण असा होता. मेंदूत उद्भवणारे कर्करोगी अर्बुद वर्षाला लाखात दहांहून कमी जणांस होते. हिशेबास सोयीचे म्हणून दहा धरू, आणि त्या दहाही जणांचे डोके दुखते असेही मानू. म्हणजे डोके दुखणाऱ्या ५०,००० माणसांत अर्बुद असलेली माणसे १०. पाच हजारांत एक. रोगाकडून पाहिले तर दहापैकी दहा, आणि लक्षणाकडून पाहिले तर पाच हजारांत एक. दोन्ही विधाने खरी आहेत. रात्री दोन वाजता वाचणाऱ्याला पहिलेच दिसते.

आता पहिल्या वाटेकडे, म्हणजे दुखण्यापासून शब्दापर्यंतच्या वाटेकडे वळू. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे होणारे नुकसान अधिक आहे आणि त्याकडे लक्ष कमी गेले आहे.

मराठीत शरीराच्या तक्रारी सांगण्याची एक विशिष्ट वाक्यरचना आहे. त्यात दुखणे कर्तास्थानी असते आणि माणूस ‘मला’ या रूपाने बाजूला उभा असतो. दुखणी क्रियापदे निवडून घेतात. ताप येतो, चक्कर येते, मुंग्या येतात, ग्लानी येते. कळ उठते, पुरळ उठते. घाम सुटतो, खाज सुटते, कंप सुटतो. धाप लागते, ढास लागते, उचकी लागते. हुडहुडी भरते, उसण भरते. मधुमेह मात्र होतो, आणि दमा जडतो. जे येते ते जाते, उठते ते बसते, सुटते ते थांबते. ‘जडणे’ या क्रियापदाला मात्र असा सोपा परतीचा रस्ता नाही. प्रत्येक क्रियापदात त्या दुखण्याची गती आणि मुदत साठविलेली आहे. त्यावर काळाची आणि अवस्थेची रूपे आणखी भर घालतात : दुखतं, दुखतंय, दुखत राहतं, दुखायला लागलंय, दुखून येतं. ‘अंग दुखून येतं’ म्हणणारी बाई आणि ‘अंग दुखतं’ म्हणणारी बाई एकच गोष्ट सांगत नसतात.

शोधपट्टीत हे वाक्य शिरत नाही. शिरते ते नाम. ‘कालपासून जिना चढताना जरा छातीत भरून आल्यासारखं होतं’ या वाक्याचे ‘छातीत दुखणे कारणे’ होते. काल, जिना, जरा, सारखं, हे सारे उंबऱ्याबाहेर राहते. व्याकरणात यास नामीकरण म्हणतात. क्रियेचे नाम झाले की काळ जातो, अवस्था जाते, अनुभव घेणारा जातो. राहते ती एक स्थिर वस्तू. आणि वस्तूला रोगाचे नाव चिकटविणे क्रियेला चिकटविण्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

‘चक्कर’ हे याचे चांगले उदाहरण आहे. डेव्हिड ड्रॅकमन आणि सेसिल हार्ट यांनी १९७२ साली चक्करेचे चार प्रकार पाडले, आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी ते पुढे अनेक वर्षे पाठ केले : भोवतालचे फिरते असे वाटणे, शुद्ध हरपेलसे वाटणे, तोल न राहणे, आणि ज्याचे नीट वर्णन करता येत नाही असे चौथे. इंग्रजीत या चौघांना मिळून बोलण्यातला एकच शब्द असल्यामुळे डॉक्टरांना रुग्णाकडून भेद काढून घ्यावा लागे. मराठी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी ते भेद आधीच आहेत. गरगरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, तोल जातो, आणि चौथ्यासाठी ‘कसंसंच होतं’ हा अत्यंत अचूक प्रयोग. गरगरण्यामागे पुष्कळदा अंतःकर्ण असतो, उठून उभे राहताना येणाऱ्या अंधारीमागे पुष्कळदा एकदम उतरलेला रक्तदाब. हे भेद असलेली व्यक्ती शोधपट्टीत ‘चक्कर’ लिहिते आणि स्वतःच्या भाषेने दिलेले अर्धे उत्तर पुसून टाकते. अलीकडे वैद्यकात चक्कर ‘कशी’ यापेक्षा ‘केव्हा आणि कशाने’ या प्रश्नांना अधिक महत्त्व दिले जाते. म्हणजे नामावरून क्रियाविशेषणाकडे गाडी वळली आहे, असे भाषाशास्त्रज्ञाने म्हटल्यास त्यास क्षमा असावी.

एक स्वानुभव सांगणे येथे अप्रस्तुत होणार नाही. काही वर्षांपूर्वी उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत डाव्या हाताच्या करंगळीला आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येऊ लागल्या. तीन रात्री मी फोनवर शोध घेतला. मराठीतून फारसे हाती लागेना म्हणून इंग्रजी शब्द योजला. त्या शब्दाबरोबर बधिरता आपोआप जोडून आली, कारण इंग्रजी पानांवर मुंग्या आणि बधिरता ही जोडी सहसा फुटत नाही. बधिरता मला नव्हती. तिसऱ्या रात्रीपर्यंत ती थोडी थोडी जाणवू लागली होती! मज्जासंस्थेच्या एका दुर्धर रोगाचे नाव मी घरात उच्चारले नाही. पण मुलीच्या शिक्षणाचे पैसे कोठे ठेवले आहेत ते पत्नीला सांगून ठेवले. चौथ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘मुंग्या येतात, की आलेल्या राहतात?’’ येतात आणि जातात, मी म्हणालो. ‘‘केव्हा येतात?’’ संध्याकाळी. ‘‘संध्याकाळी तुम्ही काय करता?’’ टेबलावर डावे कोपर टेकून उत्तरपत्रिका तपासतो. कोपराच्या आतल्या बाजूने जाणारी नस दाबली जात होती आणि त्या नसेचा पुरवठा नेमका त्या दोन बोटांना असतो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न व्याकरणाचा होता हे माझ्या लक्षात घरी परतताना आले. वर्गात अपूर्ण काळ शिकविणाऱ्या माणसाला तो स्वतःला विचारता आला नव्हता, याचा संकोच अजून वाटतो.

पानावरील भाषेचाही थोडा विचार केला पाहिजे. ‘हे कर्करोगाचे लक्षण असू शकते’ या वाक्यातील ‘असू शकते’ शक्यता दाखविते, पण किती शक्यता ते दाखवीत नाही. मराठीत ‘असेल’, ‘असावे’, ‘असण्याचा संभव आहे’, ‘क्वचित असते’ अशी चढती-उतरती पायरी आहे; भाषांतरित आरोग्यपानांनी ती जवळजवळ टाकून दिली असून सर्वत्र एक ‘असू शकते’ ठेवले आहे. गणितात आपण शक्यता आणि संभाव्यता वेगळ्या करतो. वाचक करीत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. शब्दांनी प्रमाण सांगण्यात मूळचाच धोका आहे. औषधांच्या दुष्परिणामांसाठी युरोपीय संघात ठरविलेल्या परिभाषेत शंभरांत एक ते दहांत एक या प्रमाणास ‘सामान्यतः आढळणारा’ म्हणावयाचे असते. डायॅन बेरी, पीटर नॅप आणि थिओ रेनॉर यांनी ब्रिटनमध्ये केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की हेच शब्द वाचून लोक जे प्रमाण मनात धरतात ते ठरविलेल्या प्रमाणाच्या कितीतरी पट असते; आकडे दिले तर हा फुगवटा बराच कमी होतो.

ज्याची शंका एका भेटीने किंवा एका शोधाने फिटते त्याचा प्रश्न येथे संपतो. ज्याची फिटत नाही त्याचे काय? पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉर्विक यांनी १९८६ साली, म्हणजे इंटरनेट घराघरांत येण्याच्या पुष्कळ आधी, हे मांडले, की वारंवार दिलासा मागणे हे दुखण्यावरचे औषध नसून दुखणे टिकविणारी सवय आहे. दिलाशाने चिंता उतरते, पण थोडा वेळ. उतरल्याचा अनुभव आला म्हणून माणूस पुन्हा दिलासा मागतो. मंत्रचळ असलेला माणूस हात धुतो, तसा हा विचारतो. पूर्वी विचारण्याला मर्यादा होती, कारण ऐकणारे माणूस कंटाळे. शोधयंत्र कंटाळत नाही. २०२२ च्या अखेरीपासून सर्वसामान्यांच्या हाती आलेली संभाषण करणारी यंत्रे तर पूर्ण वाक्ये स्वीकारतात, क्रियापदांसह. माझ्या वरील तक्रारीचा अर्धा भाग त्यामुळे उणा होतो. परंतु रात्री दोन वाजता दहाव्यांदा विचारलेल्या त्याच प्रश्नाला ती तितक्याच सौजन्याने उत्तर देतात, आणि साल्कोव्हस्किस-वॉर्विक यांचे म्हणणे खरे असेल तर हे सौजन्यच घातक आहे. या विकारावर बोधात्मक वर्तनोपचाराचा उपयोग होतो. रुग्णालयांत येणाऱ्या ४४४ आरोग्यचिंताग्रस्तांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आहेत आणि ते आशादायक आहेत. विद्यार्थ्यांपैकी कोणास याची गरज भासल्यास संकोच बाळगण्याचे कारण नाही.

येथवरचे विवेचन वाचून असा ग्रह होण्याचा संभव आहे, की शोधपट्टीपेक्षा घरातील जुनी भाषा बरी. तो ग्रह मला होऊ द्यावयाचा नाही.

घरातील भाषेत संवेदना आणि रोग यांच्या मध्ये नावांचा एक थर असतो. पित्त झालंय, उष्णता वाढली, वारं भरलंय, ऊन लागलं, दृष्ट लागली. यांपैकी एकही रोग नव्हे, पण प्रत्येकाने तक्रारीला एक नाव मिळते आणि त्या नावाबरोबर एक घरगुती उपाय मिळतो : सब्जा, आमसुलाचे सार, ओवा, मीठ-मोहऱ्या. शंभरांतील पुष्कळ तक्रारी या थरातच विरून जातात, कारण त्या तशाही विरणाऱ्याच असतात. शोधयंत्रापाशी हा थर नाही. ‘मळमळ’ या शब्दापुढे ते एकदम जठराच्या कर्करोगापर्यंत जाऊ शकते. मध्ये कोठे बसावयास ओटा नाही. शहरात एकट्या राहणाऱ्या तरुण मुलामुलींना आरोग्यचिंता अधिक सतावते असे मला अध्यापनाच्या अनुभवातून वाटते, त्याचे एक कारण ‘अगं, पित्त आहे ते’ म्हणणारे कोणी जवळ नसणे हे असावे. हे माझे अनुमान आहे, पाहणी नव्हे.

पण हाच थर जीवही घेतो. माझे थोरले मामा बावन्नाव्या वर्षी गेले. श्रावणातली दुपार होती, उपवास सोडून ते झोपाळ्यावर बसले होते. ‘‘छातीवर कोणीतरी बसल्यासारखं वाटतंय,’’ ते म्हणाले. मामी म्हणाली, ‘‘पित्त असेल, साबुदाणा बाधला.’’ आजीनेही तेच म्हटले. आमसुलाचे सार झाले, पाठीला तेल चोळून झाले. मामांना घाम सुटला तेव्हा उकाडा फार आहे असे ठरले. दीड तासाने रिक्षा आणली. रुग्णालय पंधरा मिनिटांवर होते.

लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली छातीतील या दुखण्याचे वर्णन तेथील वैद्यांच्या महाविद्यालयापुढे वाचले आणि त्याला अँजायना हे नाव दिले. हे नाव ज्या लॅटिन धातूपासून आले त्याचा अर्थ आवळणे, घुसमटविणे. चिंतावाचक इंग्रजी ‘अँक्झायटी’ त्याच धातूची, आणि संकटवाचक वैदिक ‘अंहस्’ हा शब्दही त्याच कुळातला. छातीत आवळणारे आणि मनाला आवळणारे यांना पूर्वजांनी एकाच घरातली नावे दिली, त्यामुळे दोहोंत गल्लत होणे नवलाचे नाही. तथापि हृदयाच्या या दुखण्यात रुग्ण दुखते असे फारसे म्हणतच नाहीत. दाब, ओझे, आवळणे, कोणी बसल्यासारखे, असेच सांगतात, हे आता वैद्यकाचा कोणताही विद्यार्थी जाणतो. मामांनी वैद्यकाचे एकही पुस्तक वाचले नव्हते. त्यांचे वाक्य पूर्ण होते, उपमेसह, आणि क्रियापद अपूर्ण वर्तमानकाळी होते. आम्ही चौघांनी त्यातील एक नाम उचलले आणि ते चुकीचे उचलले. त्या दुपारी घरात इंटरनेट असलेला फोन होता. तो माझ्याच खिशात होता.